नोटिशीवर सही करण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, पण लगेच उत्तर लिहायला बसले नाही. तू विचारलंयस ते घाईत निपटण्यासारखं नाही.

वसुली विभागात येऊन तुला जेमतेम चार महिने झालेत. कर्जदार ७८ वर्षांचे, पत्नी वर्षभरापूर्वी गेलेली, सात हप्ते थकलेले, राहतं घर तारण. फाइलवर शेरा लिहिताना तुझा हात अडला. वरिष्ठ म्हणाले, नियमाप्रमाणे पुढे जा. आणि तू मला विचारतोस, म्हाताऱ्या माणसाचं घर जप्त करायची वेळ आली तर कर्ज देणाऱ्याने दया दाखवावी का, की दया हे आपल्या खुर्चीचं कामच नव्हे?

दाखवावी, असं माझं मत आहे. पण दया कशाला म्हणायचं हे आधी बोलायला हवं. मी या खात्यात एकतीस वर्षं काढली आणि दयेच्या नावाखाली झालेलं वाटोळंही जवळून पाहिलंय.

आधी वयाचं. पस्तिशीतल्या माणसाचं घर गेलं तर तोही कोलमडतो. पण त्याच्यापुढे कमाईची पंचवीस वर्षं असतात, दुसरं कर्ज मिळतं, भाड्याच्या घरात संसार पुन्हा उभा राहतो. ७८ व्या वर्षी यातलं काहीच शिल्लक नसतं. नवं कर्ज कोणी देत नाही. दृष्टी अधू झालेली असते, पण या घरात अंधारातसुद्धा दिव्याचं बटण हाताला सापडतं. जिन्याच्या पायऱ्या पावलांना पाठ असतात. शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली ठेवलेली असते आणि सकाळी दार उघडलं नाही तर कोणीतरी हाक मारतं. तारणाच्या मूल्यांकन अहवालात या गोष्टींना रकाना नाही. घर गेलं की त्या सगळ्या एका दिवसात जातात आणि त्या वयात पुन्हा जमवता येत नाहीत. थकबाकी तीच असली, तरी जप्तीचा घाव दोघांना सारखा बसत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती तुझ्या वरिष्ठांना दिसते म्हणून ते वाईट ठरत नाहीत. आपण वाटतो तो पैसा आपला नसतो. तो ठेवीदारांचा, आणि त्यातले कितीतरी स्वतः म्हातारे असतात, त्या व्याजावर औषधं घेतात. शिवाय म्हाताऱ्यांकडून वसुली करायचीच नाही असं ठरलं, तर साठीनंतर कोणाला कोणी कर्जच देणार नाही. म्हणून कर्ज माफ करणं म्हणजे दया, हा अर्थ मी घेत नाही. मला दया दिसते ती वेळ देण्यात, चौकशी करण्यात, खरं बोलण्यात आणि कारवाईची वाट निवडण्यात. तिथे आपल्या हातात बरंच असतं.

गहाणाच्या कायद्याची मुळंसुद्धा अशाच विचारात आहेत. जुन्या इंग्लंडमध्ये ठरलेला दिवस चुकला की जमीन सावकाराची व्हायची, कर्ज कितीही थोडं असो. सतराव्या शतकापर्यंत तिथल्या चॅन्सरी न्यायालयाने, म्हणजे काटेकोर नियमापेक्षा न्याय्य काय ते पाहणाऱ्या न्यायालयाने, ही रीत मोडली. तारण हे तारणच, सावकाराचा हक्क त्याच्या पैशापुरता. दिवस उलटून गेल्यावरही कर्जदार पैसे भरून आपली जमीन सोडवू शकतो, असं त्या न्यायालयाने धरलं. ही गोष्ट अजून सगळ्यांच्या पचनी पडलेली नाही. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात एका वृद्धेचा फ्लॅट मालमत्ता कर थकल्यामुळे गेला. मूळ कर सुमारे २,३०० डॉलर, व्याज आणि दंड धरून १५,००० डॉलर. स्थानिक प्रशासनाने फ्लॅट ४०,००० डॉलरला विकला आणि वरचे २५,००० स्वतःकडेच ठेवले. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती ९४ वर्षांची होती. तिथे प्रकरण कराचं होतं, बँकेचं नव्हतं, पण लिलावाच्या फाइलवर सही करताना मला ते नेहमी आठवलं असतं.

तर तुझी फाइल. सात हप्ते थकले, हे तुला दिसतंय. का थकले, हे फाइलमध्ये कुठेच नाही, आणि तेच आधी शोधायचं आहे.

मी तुझ्याएवढी असतानाचं सांगते. एका वृद्ध गृहस्थांच्या घराच्या ताब्याच्या कागदांवर माझी सही होती. नोटिसा गेल्या होत्या, पोच आलेली होती, सगळं नियमात बसत होतं. घरी कोणीच जाऊन आलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ताब्याच्या दिवशी पहिल्यांदा गेले. त्यांनी शांतपणे कपाटाचा खण उघडून दाखवला. आमची सगळी पाकिटं तिथे रचून ठेवलेली, एकही फोडलेलं नाही. कर्ज दोघांच्या नावावर होतं आणि पाकिटावर पहिलं नाव पत्नीचं होतं. ती गेल्यापासून तिच्या नावाने आलेलं काही त्यांच्याने उघडवत नव्हतं. आयुष्यभर पैशांचे व्यवहार तिनेच पाहिलेले. थकलेले हप्ते भरून उरतील एवढे पैसे त्यांच्या पेन्शनच्या खात्यात पडून होते! घर वाचलं. पण तोवर त्यांच्या नावावर दंडव्याज चढलं होतं, वकिलाचा खर्च चढला होता, आणि ते सगळं त्यांनी निमूट भरलं. वर आम्हालाच म्हणाले, तुम्हाला फार त्रास झाला. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. एका भेटीने जे मिटलं असतं, त्यासाठी आम्ही त्या माणसाच्या दारावर पंचनामा करायला माणसं उभी केली होती.

हे केवळ दुःखाचं झालं. विसरण्याचंही असतं. अमेरिकेतल्या वृद्धांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, त्यांच्यापैकी काहींची बिलं निदानाच्या सहा वर्षं आधीपासून चुकायला लागली होती. म्हणजे घरच्यांच्या लक्षात येण्याआधी आजार आपल्या खातेवहीत उमटलेला असू शकतो. वीस वर्षं तारखेला हप्ता भरणारा माणूस अचानक चुकायला लागला, तर त्याला बुडवा म्हणण्याआधी थांब.

जामीनदारांचंही असंच. मुलाच्या धंद्यासाठी आईवडिलांनी सही केली आणि घर गहाण टाकलं, अशी किती प्रकरणं माझ्या हातून गेली याची गणती नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि त्यातून पळवाट नाही. पण अशा माणसांशी मुलगा खोलीत नसताना एकदा बोल. आपण नक्की कशावर सही केली हेच अनेकांना पहिल्यांदा तेव्हा कळतं, आणि मुलासमोर ते कधीच तोंड उघडणार नाहीत.

विधवांचा प्रश्न तर जगभर आहे. कर्ज नवऱ्याच्या नावाचं, तो गेला, आणि फोन केला तर तिलाच सांगतात, तुमचं नाव नाही, आम्ही बोलू शकत नाही. अमेरिकेत २०१८ पासून अशा वारसाला कर्जदारासारखंच वागवावं लागतं. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये, म्हणजे म्हातारपणी राहत्या घरावर घेतलेल्या आणि कर्जदाराच्या मागे घर विकून फेडायच्या कर्जात, तर पत्नी वयाने लहान म्हणून तिचं नाव कर्जातून वगळायचे, कारण तसं केलं की रक्कम जास्त मिळायची. नवरा वारला की कर्ज देय व्हायचं आणि ती रस्त्यावर. न्यायालयात भांडणं झाली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये नव्या कर्जांचे नियम बदलले.

वेळेबद्दल कायदे काय म्हणतात तेही बघून ठेव. अमेरिकेत २०१४ पासून थकबाकी १२० दिवसांहून जुनी झाल्याशिवाय घराच्या जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या कायद्याने न्यायालयाला ताबा पुढे ढकलण्याचा अधिकार आहे, कर्जदार वाजवी मुदतीत थकबाकी भरेल असं दिसलं तर. ही वाजवी मुदत मोजताना कर्जाची उरलेली सगळी मुदत धरून सुरुवात करा, असं तिथल्या अपील न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. भारतातल्या २००२ च्या सरफेसी कायद्यात, म्हणजे बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्यात, ६० दिवसांची नोटीस आहे. कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर ती का मान्य नाही, याची कारणं १५ दिवसांत कळवावी लागतात. पण हरकत घेता येते, हे किती म्हाताऱ्यांना माहीत असतं? नोटिशीच्या भाषेत ते शोधून सापडत नाही. ते सांगणं हे तुझं काम समज, कोणी सांगितलेलं नसलं तरी.

आता दयेच्या नावाखाली होणाऱ्या वाटोळ्याबद्दल. एक आजी होत्या, एकट्या. आमच्या एका सहकाऱ्याला त्यांची फार कणव. त्याने मुदत वाढवली, मग पुनर्रचना केली, मग पुन्हा मुदत. उत्पन्नात ते कर्ज फिटणार नाही, हे पहिल्या दिवशी कागदावर स्पष्ट होतं. पण ते त्यांना सांगायचा धीर त्याला झाला नाही. व्याज चालूच होतं. चार वर्षांनी घर विकलं गेलं तेव्हा त्यांच्या हाती काहीच आलं नाही. पहिल्याच वर्षी कोणी समोर बसून म्हणालं असतं, की आजी, हे झेपणार नाही, लिलावाची वेळ येऊ न देता तुम्हीच ग्राहक शोधून विका, आम्ही तोवर थांबतो, तर बरीच रक्कम उरली असती आणि त्यांना निवाऱ्याची सोय करता आली असती. लिलावात घर सहसा पडेल भावात जातं, हे तुला मी सांगायला नको. म्हणून आकडेमोड आधी कर. फिटण्यासारखं असेल तर वेळ दे, दंड माफ करायला वर लिहून पाठव, हप्ता पेन्शनला झेपेल असा बसव. फिटण्यासारखं नसेल तर ते लवकर सांग, आणि सांगताना शेजारी बस, टेबलापलीकडे नको.

विकायचं ठरलं तरी माणसाला घराबाहेर काढावंच लागतं असं नाही. आयर्लंडमध्ये २०१२ पासून एक योजना आहे. कर्ज फिटण्याची आशा उरली नाही, तर घर गृहनिर्माण संस्था वगैरे घेतात आणि ते कुटुंब भाडेकरू म्हणून त्याच घरात राहतं. अमेरिकेत सरकारने ज्याचा विमा उतरवलाय अशा रिव्हर्स मॉर्गेजमध्ये मालमत्ता कर किंवा घराचा विमा थकला आणि कर्जदार किमान ८० वर्षांचा, गंभीर आजारी असला, तर जप्ती लांबवता येते. म्हणजे वाटा काढणाऱ्यांनी काढल्यात.

आणखी एक. तू एकट्याने दयाळू होऊन भागणार नाही. दया अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवली की ती नीट बोलता येणाऱ्याला मिळते, ज्याचा भाचा वकील आहे त्याला मिळते. जो पाकिटंच उघडत नाही त्याच्या वाट्याला ती येत नाही. म्हणून तुझ्या वरिष्ठांपुढे एक साधा प्रस्ताव ठेव: कर्जदार ७० च्या पुढचा असेल आणि घर राहतं असेल, तर ताब्याचे कागद निघण्याआधी एक भेट सक्तीची, आणि त्या भेटीचा लेखी अहवाल फाइलमध्ये. ते नाही म्हणाले तर पुन्हा ठेव. मला हे करून घ्यायला नऊ वर्षं लागली.

या आठवड्यातच त्या आजोबांकडे जा. सकाळी जा. म्हातारी माणसं सकाळी ताजी असतात आणि दुपारनंतर आलेल्या अनोळखी माणसाला घाबरतात. नोटीस बरोबर नेऊ नकोस. खात्याचा उतारा ने, मोठ्या अक्षरांत छापून. आधी त्यांच्या पत्नीबद्दल विचार, आणि घरातली टपालाची पाकिटं कुठे ठेवतात ते बघ.

आल्यावर मला लिही.

तुझी शुभचिंतक