‘नाही’ लिहिलं तरी कॉम्प्युटर ‘होय’ का धरतो?

(कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीतच घ्यावेत.)

प्रश्न : आमच्या दूध संस्थेसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बिलाचा प्रोग्राम केला आहे. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. ‘या दहा दिवसांत पेंड उचलली का?’ यापुढे कुणी ‘नाही’ भरलं, कुणी ‘इल्ल’ भरलं, तरी प्रोग्राम सरसकट सगळ्यांच्या बिलातून पेंडीचे पैसे कापतो. ‘इफ पेंड’ या ओळीत चूक कुठे आहे? — एक वाचक, खानापूर तालुका

ओळ बरोबर आहे, तिच्याकडून केलेली अपेक्षा चुकली आहे. ‘इफ’ला शब्दाचा अर्थ कळत नाही. समोरची किंमत (व्हॅल्यू) रिकामी किंवा शून्य आहे का, एवढंच तो पाहतो; नसेल तर ती खरी धरून पुढचं काम करतो. पायथनमध्ये खोट्या धरल्या जाणाऱ्या किमती मोजक्याच : फॉल्स (खोटं), नन (काहीच किंमत नाही), कुठल्याही प्रकारचं शून्य (० आणि ०.० दोन्ही), रिकामी स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची माळ), आणि रिकामी लिस्ट, टपल, डिक्शनरी किंवा सेट (हे किमती एकत्र ठेवायचे प्रकार). बाकी जवळजवळ सगळं खरं. ‘नाही’ ही अक्षरं असलेली स्ट्रिंग आहे, रिकामी नाही, म्हणून ती खरी. अवतरणचिन्हांत लिहिलेलं ‘फॉल्स’ही खरं, अवतरणातलं ‘०’ही खरं, आणि चुकून दाबलेली एक स्पेससुद्धा खरी. त्यामुळे किमतीचं ट्रू (खरं) किंवा फॉल्स करणाऱ्या ‘बूल’ फंक्शनमधून उत्तर काढूनही उपयोग नाही, तेही हाच नियम लावतं.

उपाय असा. उत्तर फॉर्ममधून आत येतं तिथेच त्याचं ट्रू किंवा फॉल्स करून घ्या, पुढे बिलापर्यंत स्ट्रिंग जाऊच देऊ नका. त्यासाठी एक डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक शब्दापुढे त्याची किंमत ठेवणारी यादी, करा : ‘होय’, ‘हो’, ‘व्हय’, ‘हौदु’ यांच्यापुढे ट्रू, ‘नाही’, ‘नाय’, ‘इल्ल’ यांच्यापुढे फॉल्स. कन्नड शब्द कन्नड लिपीतच ठेवा, फॉर्ममधून ते तसेच येणार. शब्द शोधण्याआधी ‘स्ट्रिप’ने कडेच्या स्पेस काढा.

इथे एक खोड आहे. कॉपी-पेस्टमधून किंवा काही कीबोर्डांवरून डोळ्यांना न दिसणारी, शून्य रुंदीची अक्षरं येतात (युनिकोड क्रमांक २००बी, २००सी, २००डी). ‘स्ट्रिप’ ती काढत नाही. स्क्रीनवर ‘नाही’ अगदी बरोबर दिसतं, पण डिक्शनरीत सापडत नाही. ती ‘रिप्लेस’ने वेगळी काढावी लागतात. हे फक्त होय-नाहीच्या रकान्यात करा. सभासदांच्या नावांतून ती काढलीत तर काही जोडाक्षरांचं रूप बदलेल.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डिक्शनरीत नसलेला शब्द आला, तर त्याला गुपचूप फॉल्स धरू नका. कुणी ‘होय.’ असं पूर्णविराम देऊन लिहिलं, तर संस्थेची पेंड फुकट जाईल. अशा वेळी प्रोग्रामने थांबावं आणि सभासद क्रमांकासह तो शब्द दाखवावा. पैशाच्या हिशोबात अंदाज नको.

प्रश्न : तालुक्यांच्या पावसाची नोंदवही करत आहे. ज्या दिवशी ०.० मिलिमीटर भरतो, त्या दिवशी ‘नोंद नाही’ असं छापून येतं. — बीएस्सीची विद्यार्थिनी, अथणी

तुमच्या कोडमध्ये बहुधा ‘पाऊस ऑर "नोंद नाही"’ असं काहीतरी आहे. ‘ऑर’ ट्रू-फॉल्स परत देतोच असं नाही. डावीकडची किंमत खरी असेल तर तीच देतो, नसेल तर उजवीकडची. ०.० खोटं, म्हणून उजवीकडचे शब्द छापले जातात.

पण पाऊस न पडणं वेगळं आणि मोजायचं राहणं वेगळं. अथणीसारख्या कमी पावसाच्या भागात तर शून्य हीच खरी माहिती. समजा पाच दिवसांच्या नोंदी ०, ०, १२, ०, ८ अशा आहेत. सरासरी ४ येते. शून्यं ‘नोंद नाही’ म्हणून गळाली की तीच सरासरी १० होते आणि कोरडा आठवडा ओला दिसतो.

मोजमाप राहिलेल्या दिवशी नन ठेवा आणि तपासताना ‘इफ पाऊस इज नॉट नन’ असं पूर्ण लिहा. वेब पानांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत याच कामासाठी दोन प्रश्नचिन्हांचं चिन्ह २०२० मध्ये आलं. ते फक्त नल आणि अनडिफाइन्ड (‘किंमत नाही’ असं सांगणाऱ्या तिथल्या दोन किमती) यांनाच रिकामं मानतं, शून्याला हात लावत नाही. हा घोळ नवशिक्यांपुरता नाही, हेही सांगायला हवं. पायथनच्या ३.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत मध्यरात्रीची वेळ, ००:००, खोटी धरली जायची. २०१५ च्या ३.५ मध्ये ते दुरुस्त झालं.

प्रश्न : पायथननंतर जावास्क्रिप्ट शिकतोय. रिकामी यादी आली तरी ‘इफ’च्या आतलं चालतं. आकडे मराठीत भरले की सगळंच बिघडतं. — एक वाचक, निपाणी

जावास्क्रिप्टमध्ये रिकामा अ‍ॅरे आणि रिकामं ऑब्जेक्ट दोन्ही खरी. अ‍ॅरेची ‘लेंग्थ’ शून्यापेक्षा जास्त आहे का, हे तपासा. गंमत अशी की तोच रिकामा अ‍ॅरे दोन बरोबर-चिन्हांनी फॉल्सशी ताडला तर उत्तर ट्रू येतं. त्या तुलनेत अ‍ॅरेची आधी रिकामी स्ट्रिंग होते, मग शून्य, आणि फॉल्सचंही शून्य होतं. म्हणून असं रूपांतर न करता ताडणारी तीन बरोबर-चिन्हं वापरायची सवय लावून घ्या.

आता आकडे. पायथनचं ‘इंट’ (पूर्णांक करून देणारं) देवनागरी ‘५’ नीट वाचतं, कन्नड आकडेही वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र देवनागरी आकड्याला एनएएन, म्हणजे ‘संख्या नाही’, असं उत्तर देतं, आणि तिथे एनएएन खोटं असतं. मग ‘०’ भरा की ‘५’, दोन्ही खोटीच. आकड्यात रूपांतर करण्याआधी दहाही अंक इंग्रजी अंकांत (0 ते 9) बदलून घ्या.

प्रश्न : ट्रू अधिक ट्रू बरोबर २, हे खरं का? — बीसीए, बेळगाव

पायथनमध्ये खरं. गणितज्ञ जॉर्ज बूल (१८१५–१८६४) यांच्या नावाचा हा ट्रू-फॉल्सचा टाइप २००३ च्या २.३ आवृत्तीत आला, तो ‘इंट’चाच, म्हणजे पूर्णांकाचाच, उपप्रकार म्हणून : ट्रू म्हणजे १, फॉल्स म्हणजे ०. त्याचा फायदाही आहे : होय-नाहीच्या लिस्टला ‘सम’ लावला की होय किती ते थेट मिळतं. धोका डिक्शनरीत. १ आणि ट्रू या दोन वेगळ्या की (ज्यांवरून नोंद शोधली जाते) समजून भरल्यात, तर त्या एकच ठरतात आणि नंतर भरलेली किंमत आधीची पुसून टाकते, कुठलीही एरर न देता.