बागेतल्या माश्यांच्या फोटोवरून जात आणि नर-मादी ओळखता येते का?

झेंडूवरच्या एका माशीचा फोटो पाठवून तुम्ही हे विचारलंत. येते. "माशीत कसला नर आन् कसली मादी" हे वाक्य मी अख्खा एक पावसाळा ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर कळंब्यात, मागं कारल्याचा मांडव. कारली डंख लागून वाकडी व्हायची, चिरली की आत अळ्या. आमच्या दाजींचा मळा आहे, त्यामुळं शेतीत शब्द त्यांचाच. त्यांनी क्यू-ल्यूरचा, म्हणजे फळमाश्यांना वासानं ओढणारा, सापळा आणून टांगला. येतील तेव्हा डबी उघडून मेलेल्या माश्या मोजायच्या. "पाहुणं, आज बावीस!" कारली मात्र तशीच किडकी.

एका रविवारी डबी पांढऱ्या कागदावर पालथी केली आणि मोबाईलनं जवळून फोटो काढले. एकजात सगळ्यांचं बूड बोथट. मग कारल्यावर बसलेल्या एकीचा काढला, तर पोटाच्या टोकाला सुई. ती अंडी घालायची नळी. आपण ज्याला डंख म्हणतो तो तिचाच. म्हणजे सापळ्यात मरत होते ते नर, क्यू-ल्यूरच्या वासाला तेच येतात. दाजींना फोटो दाखवले तर म्हणाले, "मेली न्हवं? मग झालं."

जात म्हणाल तर कारल्यावरची फळमाशी तांबूस, पाठीवर तीन पिवळे पट्टे, दोन कडेला नि एक मधोमध, पंखाच्या टोकाला डाग. पेरू-आंब्यावरची पाठीला काळपट, मधला पट्टा नाही, पंख बरेचसे स्वच्छ. म्हणून एक फोटो वरून काढायचा, एक बाजूनं.

तुमची झेंडूवर हवेत एका जागी थांबणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी सिर्फिड आहे. गांधीलमाशी नव्हे, पंख दोनच आहेत बघा. यांच्यात बहुतेक नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. (फळमाशीला हे लावू नका, तिथं दोघांचेही डोळे लांबच.) तुमचा फोटो बाजूनं आहे, त्यावरून मी काहीच सांगणार नाही. फवारू तर मुळीच नका, यातल्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) खातात. 2002 साली आपल्याकडं उसावर लोकरी मावा आला, तेव्हा तो खाणाऱ्यांत याही अळ्या होत्या.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तीन पट्ट्यांची आणखी एक फळमाशी असते, झ्युगोडॅकस टाऊ. कारल्यावरचीत नि हिच्यात फरक पंखावरच्या आडव्या डागाचा, तो नीट दिसला नाही तर फसाल. मीही एकदा छातीठोक सांगून फसलोय. आणि सापळा अगदीच वाया नाही. सगळ्या शिवारात लावला तर नर कमी होऊन माद्या वांझ राहतात. पण एकट्या मांडवाला शेजारून फळलेली मादी येतेच. त्यापेक्षा किडकी फळं वेचून खोल पुरा. दाजी मळ्यात ती अजून बांधावरच फेकतात.