ह्युमिडिफायरने हीटिंगचं बिल कमी होतं का?

प्रश्न : टोरांटोत हिवाळ्यात आमच्या घरातली हवा फार कोरडी होते. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून थर्मोस्टॅटचं तापमान कमी ठेवलं तर गॅस वाचेल का?

उत्तर : सहसा नाही. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. रोज १० लिटरला जवळपास ७ युनिट. थंड तुषारांचं यंत्रही ती उष्णता खोलीतल्या हवेतूनच ओढतं आणि फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीला, ती भरून काढावी लागते. उलट आर्द्रता २० वरून ४० टक्क्यांवर नेली, तरी ऊब जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाने वाढल्यासारखी वाटते.

खरी गोम फटींत आहे. उणे १० अंशांची बाहेरची हवा आत येऊन २० अंशांना तापली, की तिची आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून आधी माळ्याचं झाकण, दाराखालची फट, खिडक्यांच्या चौकटी बुजवा. त्याने गॅसही वाचतो, ओलावाही टिकतो.

नाक, त्वचा कोरडी पडत असेल तर ह्युमिडिफायर जरूर लावा, पण ३०-३५ टक्क्यांवर. बाहेर उणे २० असताना २५ पुरे. काचेवर पाणी साचलं की लगेच कमी करा, नाहीतर भिंतीच्या आत बुरशी धरते.