स्टिकर लावून भागत नाही

‘पाहुण्यांना साधं कळत नाही’ ही तक्रार दारं, नळ, बटणं, पायऱ्यांबद्दल आलेल्या तुमच्या बहुतेक पत्रांत याही वेळी आहे.

प्रश्न : खानावळीच्या काचेच्या दारावर ‘ढकला’ लिहिलंय, तरी गिऱ्हाईक ओढतंच. (गुहागर)
उत्तर : ढकलायच्या बाजूची मूठ काढा, सपाट पट्टी बसवा.

प्रश्न : गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला? (दापोली)
उत्तर : डावीकडे. प्लंबरला टाइल लावण्याआधी सांगा.

प्रश्न : होमस्टेच्या खोलीत एका बोर्डावर आठ बटणं आहेत. सगळ्यांना स्टिकर लावले, तरी पाहुणे रात्री फोन करतात. टच पॅनेल बसवू का? विकणारा म्हणतो, आता सगळे तेच घेतात. (मालवण)
उत्तर : विकणारा दुसरं काय म्हणणार? ओल्या हाताला टच पॅनेल धड दाद देत नाही, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आठ सारखी, गुळगुळीत बटणं. अंधारात बोटाला काय कळणार? बटणांचा क्रम दिव्यांच्या क्रमाशी जुळवा : दाराजवळचा दिवा पहिला, खिडकीकडचा शेवटचा. पंखा एका टोकाला, रेग्युलेटरला लागून. गीझर या बोर्डावर नकोच. त्याचं १६ अँपिअरचं बटण न्हाणीच्या दाराबाहेर हवं, चालू असताना लाल दिवा दाखवणारं. आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू. पण घाईत एखादं उलटं बसतं, मग लाइट गेलेली असताना पाहुणा गीझर ‘बंद’ करून, म्हणजे खरं तर चालू ठेवून, समुद्रावर जातो. स्टिकर दमट हवेत सुटतात, आणि तोवर मालकाला वाटतं, आपलं काम झालं! बरेचदा बोर्डाच्या आतच वायरी बदलून भागतं, पण ते परवानाधारक वायरमनचं काम. स्वतः पेचकस घेऊ नका.

प्रश्न : दारं-बटणं सोयीची करायचं हे डिझाइन शिकायला कॉलेजात जावं लागतं का? (सावंतवाडी)
उत्तर : पवईच्या आयआयटीत १९६९पासून डिझाइन शिकवतात. घरापुरतं हवं असेल तर नवख्या माणसाला खोलीत सोडा, आणि मध्ये न बोलता बघा.

प्रश्न : आई ७८ वर्षांची. ओट्याच्या तीन पायऱ्या पावसात निसरड्या होतात. दुकानदार ‘अँटी-स्किड’ टाइल सुचवतो. पुढच्या वर्षी बदलल्या तर चालेल? (रत्नागिरी)
उत्तर : पुढच्या वर्षीपर्यंत आई ओट्यावरच बसणार का? शेवाळ आजच खरवडा, धरायला कठडा लावा. ‘अँटी-स्किड’ काय, कुणीही छापतं. आर-९ ते आर-१३ यातली पकडीची प्रत विचारा; आकडा मोठा तेवढी टाइल कमी निसरडी. पागोळ्यांखाली आर-११च्या खाली जाऊ नका. तिन्ही पायऱ्यांची उंची मोजा. एखादी दोन सेंटिमीटरनं वेगळी असली तरी पाय तिथेच अडखळतो. उतार हवा तर १:१२, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच ओट्याला ५.४ मीटर लांबीचा. अंगणात तेवढं बसतं का, ते इंजिनिअरला जागेवर आणून दाखवा.