मालिकेत सुखात नांदणाऱ्या जोडीला अचानक मारून टाकतात किंवा लीप घेतात (म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतात), असं का?

कारण डेली सोपला ठरलेला शेवट नसतो, टीआरपी आहे तोवर चालू ठेवायची असते, आणि सुखी जोडीकडे रोज दाखवण्यासारखं काही उरतच नाही. मग आधी गैरसमज, घटस्फोट, स्मृतिभ्रंश वगैरे सगळं वापरून होतं, त्यात हिरो-हिरोईन पण वर्षानुवर्षं तोच रोल करून कंटाळून सोडतात, मग लीप घेतात आणि मुलगी हिरोईन होते. 'ये रिश्ता क्या कहलाता है' बघा, 2009 पासून चालू आहे, अक्षरा-नैतिक झाले, 2016 मध्ये अक्षरा करणारी हिना खान गेली आणि अक्षराची मुलगी नायरा आणि कार्तिक पुढे आले, मग नायराची मुलगी अक्षरा आणि अभिमन्यू, 2023 च्या लीपनंतर अभीरा-अरमान. म्हणजे नाव तेच, माणसं नवी.

पण दरवेळी मारतातच असं नाही, कॅरेक्टर लोकांच्या फार जवळचं असेल तर फक्त चेहरा बदलतात. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहिर मेला तेव्हा प्रेक्षक इतके भडकले की त्याला परत जिवंत करावं लागलं, आणि पुढे मिहिर करणाऱ्या अमर उपाध्यायच्या जागी आधी इंदर कुमार मग रोनित रॉय आला तरी लोकांनी चालवून घेतलं (त्याची बायको तुलसी, म्हणजे स्मृती इराणीच्या जागीही मध्ये काही काळ गौतमी कपूर आली होती). आणि हे सगळीकडेच असं नसतं, ब्रिटनच्या 'कोरोनेशन स्ट्रीट' मध्ये केन बार्लो हे पात्र 1960 च्या पहिल्या एपिसोडपासून विल्यम रोचच करतात, तिकडे पात्रं नटांबरोबरच म्हातारी होतात, 20 वर्षांची उडी वगैरे भानगड नाही.