तीळ आणि जन्मखुणा : काढण्याआधी काय पाहावे?

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. तिच्या कपाळावर, उजव्या पापणीवर आणि गालावर जन्मापासून लालसर-जांभळा सपाट डाग आहे. गरोदरपणी ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली म्हणून तो उठला, असे सासरी बोलले जाते. शेजारच्या बाळाचा लाल डाग आपोआप गेला. आम्हीही वाट पाहावी का?
– एक आई, मिरज

उत्तर : ग्रहणाचा आणि विळीचा या डागाशी काडीचाही संबंध नाही. गर्भ वाढत असताना काही पेशींतील एका जनुकात बदल होतो आणि त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या राहतात. बहुतेक रुग्णांत हा बदल कोणत्या जनुकात असतो, हे २०१३ मध्ये दाखवून देण्यात आले. तो आईच्या वागण्यातून येत नाही, आणि हे घरातल्या मोठ्यांना तुमच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तुमच्या वर्णनावरून हा ‘पोर्ट-वाइन स्टेन’ वाटतो. तो आपोआप जात नाही. मुलीबरोबर वाढतो आणि प्रौढ वयात गडद व जाडसर होत जातो. शेजारच्या बाळाला बहुधा ‘हिमॅन्जिओमा’ (रक्तवाहिन्यांची गाठ) असावा. तो जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो, काही महिने झपाट्याने फुगतो आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. (तो डोळ्याजवळ असला किंवा त्यावर जखम झाली, तर मात्र थांबून चालत नाही, हृदयविकारात वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध त्यावर गुणकारी असल्याचे २००८ मध्ये लक्षात आले.) दोन्ही डाग लाल असले तरी एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.

या डागावर लेसरने उपचार होतात, पण त्याच्याही आधी मुलीला नेत्रतज्ज्ञाकडे न्या. डाग कपाळावर आणि पापणीवर असेल तर त्या बाजूच्या डोळ्यात दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो पुढेही उद्भवू शकत असल्याने ही तपासणी ठरावीक काळाने करत राहावी लागते. काही मुलांत मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्याही बाधित असतात. त्यामुळे आकडी आली किंवा एका बाजूचा हात-पाय कमी हलतो असे दिसले, तर ताबडतोब बालमेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

डागावर ‘पल्स्ड डाय लेसर’ वापरतात. त्याचा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि त्या उष्णतेने वाहिनी बंद होते. प्रत्येक झटका रबरबँड सटकन लागल्यासारखा जाणवतो. नंतर आठ-दहा दिवस त्या जागी मुका मार लागल्यासारखे काळेनिळे ठिपके दिसतात, ते पाहून घाबरू नका. चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात. डाग पुष्कळ फिकट होतो, मात्र पूर्ण पुसला जाणे थोड्यांच्याच वाट्याला येते, आणि गालाचा मधला भाग कपाळापेक्षा हट्टी असतो. लहान वयात त्वचा पातळ असल्याने उपचार लवकर सुरू करणे हिताचे. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही हा प्रकाश शोषते, म्हणून त्वचा थंड ठेवण्याची सोय आणि सावळ्या त्वचेचा अनुभव आहे का, हे आधी विचारा.

प्रश्न : तीन आठवड्यांवर माझे लग्न आले आहे. गालावरचा लहानपणापासूनचा तीळ पार्लरमध्ये मशीनने जाळून देतो म्हणतात. आजी चुना लावायला सांगते. तळपायावरही एक काळा डाग आहे, तो वर्षभरात वाढला आहे. तोही काढावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नात तळपाय शेवटी आला आहे, पण मला काळजी त्याचीच वाटते. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग भारतीयांत कमी आढळतो; मात्र होतो तेव्हा तळवा आणि नखाखालची जागा यांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. वाढणारा, वेडावाकडा, एकाहून अधिक छटांचा किंवा रक्त येणारा डाग याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तुमचा डाग निरुपद्रवीही निघेल. पण तो जाळला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला काहीच उरत नाही.

गालावरचा तीळ वर्षानुवर्षे जसाच्या तसा असेल, तर तो काढण्याची वैद्यकीय गरज नाही. चुन्याने त्वचा खोलवर भाजते आणि तिळाच्या जागी खड्डा पडतो, तेव्हा तो नकोच. शस्त्रक्रियेत जागा बधिर करून तीळ काढतात, चेहऱ्यावरचे टाके साधारण आठवड्याभरात निघतात आणि काढलेला तुकडा तपासणीला जातो. व्रणाची लाली मात्र काही महिने राहते, म्हणून लग्नानंतरचा मुहूर्त धरा. पूर्वी एखाद्या जखमेच्या जागी जाड, खाजरा व्रण वाढला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.