वाचकांचे प्रश्न : दहा सेकंदांचा दंड पुरेसा आहे का?

फॉर्म्युला वनमध्ये दोन चालकांची धडक झाली की शर्यतीच्या निकालापेक्षा पंचांच्या निर्णयावर अधिक काळ वाद चालतो, याचा प्रत्यय आमच्याकडे आलेल्या पत्रांतूनही येतो. त्यांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : 2021 मध्ये सिल्व्हरस्टोनला लुईस हॅमिल्टनच्या धडकेने मॅक्स वेरस्टॅपन थेट कठड्यावर आदळला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. दोषी ठरलेल्या हॅमिल्टनला मात्र केवळ दहा सेकंदांचा दंड झाला आणि शर्यतही त्यानेच जिंकली. याला न्याय म्हणायचे का?

हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे आणि तो विचारणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा आहे. 18 जुलै 2021 रोजी पहिल्याच फेरीत, कॉप्स या अतिवेगवान वळणावर ही धडक झाली. वेरस्टॅपनच्या शरीराला 51 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 51 पट, इतका आघात सोसावा लागला. पंचांनी हॅमिल्टनला ‘मुख्यतः जबाबदार’ ठरवून दहा सेकंदांचा दंड दिला (म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यात तेवढे सेकंद उभे राहायचे, नाहीतर ते एकूण वेळेत मिळवले जातात) आणि त्याच्या परवान्यावर दोन दंडगुण, म्हणजे ठरावीक संख्येत साचले की बंदी आणणारे गुण, नोंदवले. धडकेनंतर शर्यत थांबवण्यात आल्यामुळे हॅमिल्टनच्या संघाला गाडी तपासून दुरुस्त करायला अवधी मिळाला. पुढे दंड भोगूनही त्याने अखेरच्या फेऱ्यांत शार्ल लक्लेरला मागे टाकले. अजिंक्यपदाच्या लढतीत वेरस्टॅपनकडे असलेली 33 गुणांची आघाडी त्या एका दिवसात 8 गुणांवर आली.

पंचांच्या निर्णयामागचे तत्त्व असे, की शिक्षा केलेल्या चुकीसाठी असते, त्या चुकीतून झालेल्या परिणामासाठी नसते. सारख्याच चुकीनंतर एका ठिकाणी समोरचा चालक मोकळ्या जागेत गिरकी घेऊन पुन्हा शर्यतीत येतो, तर दुसऱ्या ठिकाणी वळणापलीकडे लगेच कठडा असल्याने त्याची गाडी चक्काचूर होते. हा फरक धडक देणाऱ्याने ठरवलेला नसतो. तो वेग, जागा आणि नशीब यांनी ठरतो. मला हे तत्त्व योग्य वाटते. ते सोडले, तर प्रत्येक संघ आपल्या गाडीचे नुकसान किती मोठे झाले हेच पंचांना पटवत बसेल आणि मूळ चूक कोणाची, हा प्रश्न बाजूला पडेल.

मात्र या तत्त्वाच्या कैवाऱ्यांनी, माझ्यासह, एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. परिणामाकडे पाहायचे नाही असे म्हणत आपण जी शिक्षा देतो, ती स्वतःच परिणामांच्या बाबतीत पूर्णपणे नशिबावर सोडलेली असते. 2024 च्या ऑस्ट्रियातील शर्यतीत 64 व्या फेरीत वेरस्टॅपन आणि लँडो नॉरिस यांची आघाडीसाठी झुंज चालू असताना धडक झाली. नॉरिसला शर्यत सोडावी लागली, जॉर्ज रसेल आयता विजेता झाला आणि वेरस्टॅपनला दहा सेकंदांचा दंड झाला. मागच्या गाड्या इतक्या लांब होत्या, की दंडाचे सेकंद वेळेत मिळवूनही त्याचा पाचवा क्रमांक टिकला. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये शेवटच्या टप्प्यात त्याच वेरस्टॅपनने रसेलच्या गाडीला धडक दिली आणि दंडही तेवढाच, दहा सेकंदांचा झाला. या वेळी सेफ्टी कारमुळे (अपघातानंतर सर्वांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणाऱ्या गाडीमुळे) सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून धावत होत्या, म्हणून तो पाचव्या क्रमांकावरून थेट दहाव्यावर घसरला. एकच चालक, दोन्हीकडे दहाच सेकंद, पण एकदा किंमत शून्य आणि एकदा पाच क्रमांक.

2021 मधले मोंझाचे प्रकरण याहूनही बोलके आहे. तेथे वेरस्टॅपनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली, ‘हेलो’ या संरक्षक कड्यामुळे हॅमिल्टनचे डोके वाचले आणि दोघेही बाद झाले. बाद झालेल्या चालकाला सेकंदांचा दंड देता येत नसल्याने वेरस्टॅपनला पुढच्या शर्यतीत प्रारंभरांगेत तीन स्थाने मागे जाण्याची शिक्षा झाली. ती शर्यत रशियात सोची येथे होती आणि इंजिन बदलल्यामुळे तो तेथे नाहीतरी शेवटूनच सुरुवात करणार होता. शिक्षा कागदावरच राहिली आणि तो विसाव्या स्थानावरून दुसरा आला.

तेव्हा माझे मत असे आहे, की शिक्षेची पायरी परिणामावरून नव्हे, तर दोषाच्या प्रमाणावरून ठरावी आणि त्या पायऱ्यांमध्ये आजच्यापेक्षा जास्त अंतर असावे. दोघांनीही जोखीम घेतली पण एकाचा दोष थोडा अधिक, अशा धडकेला दहा सेकंद पुरेत. जिथे दोष संपूर्णपणे एकाचाच आहे, तिथे ‘ड्राइव्ह-थ्रू’ ही शिक्षा सर्रास वापरली पाहिजे. सेकंदांचा दंड चालक टायर बदलण्याच्या ठरलेल्या थांब्यात भोगू शकतो, किंवा तो न भोगता मागच्या गाडीपासूनचे अंतर वाढवून पचवू शकतो. ड्राइव्ह-थ्रूमध्ये त्याला वेगळ्या फेरीत, शर्यत चालू असतानाच, पिटच्या, म्हणजे गाड्यांच्या थांब्यांच्या, मार्गातून मर्यादित वेगाने जावे लागते आणि बाहेर पडताना बहुधा इतर गाड्यांच्या गर्दीत यावे लागते. नशिबाचा भाग यातही उरतो, पण ही शिक्षा फुकटात पचवणे फार अवघड आहे. सिल्व्हरस्टोनचा दोष पंचांनी ‘मुख्यतः’ हॅमिल्टनचा मानला, ‘संपूर्णपणे’ नव्हे. त्यामुळे माझ्या या मापानेही तेथे दहाच सेकंद आले असते, हे मला सांगितलेच पाहिजे. ऑस्ट्रिया आणि स्पेन यांपैकी स्पेनच्या धडकेला मात्र मी ड्राइव्ह-थ्रूच दिली असती.

प्रश्न : प्रत्येक शर्यतीला पंच वेगळे असतात. मग निर्णयांत सातत्य येणार कसे? ब्राझीलमध्ये ऑस्कर पियास्त्रीला मिळालेली शिक्षा तर कोणालाच पटलेली दिसत नाही.

पंचमंडळात साधारणपणे चार जण असतात आणि 2010 पासून त्यांत एका माजी शर्यतचालकाचा समावेश असतो. शर्यत-संचालक प्रकरण त्यांच्याकडे पाठवू शकतो, पण निर्णय त्यांचाच असतो. टीव्हीवर दिसणाऱ्या दृश्यांखेरीज त्यांच्यापुढे दोन्ही गाड्यांवरील कॅमेऱ्यांची चित्रे, ब्रेक व सुकाणूच्या नोंदी आणि संघाशी झालेले संभाषण असते. म्हणून घरी बसून एका कोनातून पाहणाऱ्या चाहत्याचे आणि पंचांचे मत जुळले नाही, तर त्यात पक्षपातच असेल असे मानण्याचे कारण नाही.

सातत्यासाठी चालकांच्या वर्तनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि जून 2025 मध्ये या खेळाची नियामक संस्था असलेल्या ‘एफआयए’ने ती सर्वांसाठी खुली केली. त्यांनुसार वळणाच्या आतल्या बाजूने पुढे जाणाऱ्या गाडीची पुढची चाके एपेक्सपूर्वी आणि एपेक्सवर, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूवर, समोरच्या गाडीच्या आरशापर्यंत तरी पोहोचलेली असावी लागतात. बाहेरून जाणाऱ्यासाठी निकष अधिक कडक आहे. त्याची पुढची चाके एपेक्सवर प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या चाकांच्याही पुढे असावी लागतात. शिवाय गाडी ताब्यात असली पाहिजे आणि ट्रॅकच्या मर्यादेत वळण पूर्ण करता आले पाहिजे. हे निकष पूर्ण झाले, तरच प्रतिस्पर्ध्याने आपल्यासाठी जागा सोडावी अशी अपेक्षा चालकाला करता येते.

आता 2025 च्या ब्राझीलकडे पाहा. सेफ्टी कारनंतर शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या वळणाकडे तीन गाड्या शेजारी शेजारी आल्या : आत पियास्त्री, मध्ये किमी अँटोनेली आणि बाहेर लक्लेर. पियास्त्रीचे चाक ब्रेक लावताना अडकले, तो अँटोनेलीला लागला, अँटोनेली लक्लेरवर ढकलला गेला आणि ज्याचा काहीच संबंध नव्हता तो लक्लेर बाद झाला. पियास्त्रीची गाडी पुरेशी पुढे पोहोचली नव्हती, असा निष्कर्ष काढून पंचांनी त्याला दहा सेकंद आणि दोन दंडगुण दिले. विशेष म्हणजे बाद झालेल्या लक्लेरनेच सगळा दोष पियास्त्रीवर टाकायला नकार दिला. आत गाडी आहे हे ठाऊक असूनही अँटोनेलीने वळण घेतले, असे त्याचे म्हणणे होते.

मला या निर्णयात पंचांची चूक दिसत नाही. त्यांनी लिहिलेला निकष लावला. दोष निकषाकडे आहे. चाके आरशापर्यंत आली होती की नव्हती, हे चित्र थांबवून मोजता येते, पण तीन गाड्या आत येत असताना मधल्या चालकाला किती दिसू शकत होते आणि आतल्या चालकाला माघार घ्यायला जागा उरली होती का, हे असे मोजता येत नाही. ज्याचे मोजमाप होते त्यालाच निर्णयात वजन मिळते, आणि चालकही मग त्या मोजमापाप्रमाणेच गाडी चालवू लागतात. 2024 मध्ये ऑस्टिनला नॉरिसने वेरस्टॅपनला बाहेरून मागे टाकले. एपेक्सवर वेरस्टॅपन पुढे होता, म्हणून वळण त्याचे ठरले आणि ट्रॅकबाहेरून पुढे गेल्याबद्दल नॉरिसला पाच सेकंदांच्या दंडाने तिसरा क्रमांक गमवावा लागला. वस्तुतः वेरस्टॅपनलाही ते वळण ट्रॅकच्या आत राहून पूर्ण करता आले नव्हते. उशिरा ब्रेक लावून एपेक्स आधी गाठायचा, पुढचे काय होईल ते होवो, हा धडा त्यातून निघत होता. पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोमध्ये वेरस्टॅपनने तो नॉरिसविरुद्ध एकाच फेरीत दोनदा गिरवला, आणि तेथील पंचांनी त्याला प्रत्येकी दहा सेकंदांचे दोन दंड देऊन तो मोडून काढला. ते दोन दंड मला अलीकडच्या काळातील सर्वांत धाडसी आणि आवश्यक निर्णय वाटतात, कारण पंचांनी तेथे एपेक्सवरची स्थिती पाहून न थांबता संपूर्ण वळण पाहिले.

प्रश्न : परवान्यावरील दंडगुणांमुळे खरोखर कोणाला शर्यतीला मुकावे लागले आहे का?

हो, एकाला. ही पद्धत 2014 मध्ये सुरू झाली. बारा महिन्यांत बारा गुण जमले की एका शर्यतीची बंदी येते, आणि प्रत्येक गुण बारा महिन्यांनी गळून पडतो. 2024 मध्ये मोंझाला पिएर गॅसलीशी झालेल्या धडकेनंतर केव्हिन मॅग्नुसनचे बारा गुण भरले आणि अझरबैजानची शर्यत त्याला बाहेर बसून पाहावी लागली. त्या धडकेत ज्याच्यावर अन्याय झाला असे मानले गेले, त्या गॅसलीलाच या शिक्षेचे आश्चर्य वाटले होते. बंदीची तरतूद असावी, पण तिचा बारावा गुण किरकोळ धडकेसाठी देताना पंचांनी दोनदा विचार करावा, असे मला वाटते.

प्रश्न : आजच्या चालकांना आपण सेकंदांवरून धारेवर धरतो, पण आयर्टन सेना आणि मायकेल शूमाकर यांनी तर अजिंक्यपदाचा निकालच धडकेने लावला. तेव्हा शिक्षा झाल्या होत्या का?

झाल्या, पण त्यांत काहीही ताळमेळ नव्हता. 1989 मध्ये सुझुकाला आयर्टन सेना आणि अॅलन प्रॉस्ट एकमेकांवर आदळले, सेना पुन्हा शर्यतीत येऊन जिंकला, त्याला अपात्र ठरवण्यात आले आणि प्रॉस्ट अजिंक्य ठरला. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर पहिल्याच वळणावर सेनाने प्रॉस्टला बाहेर घालवले, त्यातून अजिंक्यपद मिळवले आणि त्याला काहीही शिक्षा झाली नाही. आपण हे जाणूनबुजून केले, अशी कबुली त्याने 1991 मध्ये दिली. 1994 मध्ये अ‍ॅडलेडला मायकेल शूमाकर आणि डेमन हिल यांची धडक झाली, दोघेही बाद झाले आणि शूमाकर एका गुणाने जिंकला, शिक्षा नाही. 1997 मध्ये हेरेसला त्याने जॅक व्हिल्नव्हवर गाडी घातली तेव्हा मात्र त्याचे त्या वर्षाच्या क्रमवारीतील दुसरे स्थान काढून घेण्यात आले.

हेतुपुरस्सर दिलेली धडक हा वेगळाच गुन्हा आहे आणि वर मांडलेले सेकंदांचे गणित तिला लागूच होऊ नये. 2017 मध्ये बाकूला सेफ्टी कारमागे असताना सेबॅस्टियन व्हेटेलने रागाच्या भरात हॅमिल्टनच्या गाडीला चाक मारले. त्याला पिटमध्ये येऊन दहा सेकंद थांबण्याची ‘स्टॉप-गो’ शिक्षा झाली आणि तरीही तो हॅमिल्टनच्या एक क्रमांक पुढे, चौथा आला. तेथे काळा झेंडा दाखवून त्याला शर्यतीतूनच काढायला हवे होते, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

प्रश्न : दोन चालकांत वारंवार धडका होत असतील, तर पंचांनी जुना इतिहास विचारात घ्यावा का?

दोष ठरवताना अजिबात घेऊ नये. 2011 मध्ये हॅमिल्टन आणि फेलिपे मासा हे इतक्या वेळा एकमेकांना भिडले, की प्रेक्षकांनी हॅमिल्टनला कायमचा दोषी मानायला सुरुवात केली होती. मोनॅको आणि सिंगापूरमध्ये दोष त्याचाच ठरला आणि त्याला ड्राइव्ह-थ्रू मिळाली. जपानमध्ये कोणालाही शिक्षा झाली नाही. त्यानंतर भारतातील शर्यतीत दोघे पुन्हा धडकले, तेव्हा पंचांनी ते एकच वळण तपासले आणि या वेळी ड्राइव्ह-थ्रू मासाला दिली.